समासातली उभी रेघ

आमच्या कंपनीच्या फाटकाबाहेर ओळीनं सात करंज आहेत. होळी जवळ आली की आठ दिवसांत सगळी पानं टाकून मोकळे होतात आणि पुढच्या आठ दिवसांत असे भरून येतात, जणू मधे काही घडलंच नाही. खाली जुन्या पानांचा चुरा, वर तेल लावल्यासारखी तकतकीत पालवी. अरे बाबांनो, काय बदललं, कधी बदललं, कुणाला सांगितलंत का, असं मला दरवर्षी त्यांना विचारावंसं वाटतं. झाडांचं एक बरं असतं, त्यांना कुणी जाब विचारत नाही. मला मात्र ह्याच दिवसांत रोज कुणी ना कुणी नेमका हाच प्रश्न विचारतं, आणि त्याचं उत्तर देणं ही माझी नोकरी आहे.

नोकरी काय, हे समजावून सांगताना माझी दमछाक होते. चाकणच्या पट्ट्यात पत्र्याला दाबून आकार देणारी प्रेस मशिनं गल्लोगल्ली आहेत. हल्ली त्या मशिनांना एक स्क्रीन असते. त्या स्क्रीनमागचं सॉफ्टवेअर आमची छोटी कंपनी बनवते, आणि ते कसं वापरायचं ह्याचं मॅन्युअल मी लिहिते. मराठीत लिहिते, कारण वाचणारे मराठी आहेत. दरवर्षी मार्चच्या तोंडावर सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती निघते आणि माझी सुगी सुरू होते. जुनं मॅन्युअल डाव्या हाताला, नवं उजव्या हाताला, आणि ओळीला ओळ लावत जायचं. जिथं शब्द बदलला तिथं समासात एक काळी उभी रेघ. सगळ्या रेघांची यादी पहिल्या पानावर, मथळा 'काय बदललं', खाली जुन्या आवृत्त्यांच्या नोंदी. एवढंच काम. माझी आई अंबाजोगाईकडची, चाळीस वर्षं संत तुकाराम नगरात राहूनही बोलणं तिकडचंच. तिनं हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजी तू लिव्हलेलं दरसाली चुकतंय, अन् तेच निस्तरायला तुला ठिवलंय." मी वाद घातला नाही, कारण त्यात तथ्य होतं.

ह्या वर्षी हंगामाला नवं माणूस आलं आहे. सायली तिचं नाव, माझ्या हाताखाली पहिलंच वर्ष. तिनं येताच एक सोय करून टाकली. दोन आवृत्त्या संगणकाला दिल्या की तो स्वतःच फरक शोधतो. गेलेलं लाल, आलेलं हिरवं. मी ज्यासाठी तीन आठवडे डोळे फोडायची ते ती चहा निवायच्या आत करते. मला कौतुक वाटलं आणि थोडं पोटातही दुखलं, खोटं कशाला बोलू. तर ही सायली परवा खुर्ची ओढून माझ्याकडे आली.

"ताई, बदलांची यादी फार लांबलीये. ज्या पानांचा आता पत्ताच नाही, त्यांच्या नोंदी काढून टाकू ना? आणि ही एक तर विचित्रच आहे. कुणाच्या चुकीबद्दल काहीतरी लिहिलंय. हे पान तर सातव्या आवृत्तीतच गेलं."

मी वाकून पाहिलं. पाहायची गरज नव्हती, ती ओळ मला पाठ आहे.

"ती सोडून बाकीच्या काढ," मी म्हटलं. "तिचं मी बघते."

"बघते" हा शब्द तोंडातून गेला आणि माझी मलाच लाज वाटली. हाच शब्द मी एकदा बबनमामांना म्हटला होता.

बबनमामा महाळुंग्याच्या एका कारखान्यात डाय सेटर होते. डाय म्हणजे साचा. गाडीच्या एका भागाचं काम संपलं की प्रेसमधला जुना साचा काढून नवा बसवायचा आणि त्याची मापं स्क्रीनवर भरायची, हे त्यांचं काम. मूळचे तिथलेच. कारखान्याच्या खाली त्यांची जमीन गेलेली. मी पहिल्यांदा तिथं गेले तेव्हा त्यांनी मला तीन नंबरच्या प्रेसपाशी नेलं आणि पायानं फरशीवर टिचकी मारून सांगितलं, "हितं आमचा हरभरा व्हता. आन् त्या तिकडं, जिथं तुमचं साहेब हुबं हायत ना, तिथं हीर." साहेब दचकून दोन पावलं मागं सरकले. मामांच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही, पण त्यांची माणसं तोंड फिरवून हसली.

माझ्या मॅन्युअलचा त्यांच्यासारखा वाचक मला पुन्हा मिळाला नाही. लोक मॅन्युअल वाचत नाहीत हो. मशीन अडलं की उघडतात आणि लिहिणाऱ्याला शिव्या घालतात. मामा नवी प्रत आली की पहिल्या शिफ्टनंतर कँटीनच्या कोपऱ्यातल्या टेबलावर बसत. पुढ्यात काळी बॉक्स फाइल, हातात स्टीलची फूटपट्टी. आधी पहिलं पान, 'काय बदललं'. मग यादीतलं एकेक पान उघडायचं, रेघेच्या शेजारी पट्टी ठेवायची, ओठ हलवत वाचायचं, आणि पटलं की पानाच्या तळाशी उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीनं एक बारीक टिक करायची. ज्या पानाला रेघ नाही, त्यावर न वाचताच टिक.

"न वाचता कशी हो टिक करता?" मी एकदा विचारलंच.

"बाजूला रेघ न्हाई म्हंजी कालच्यावानीच हाय. तुमीच सांगितलंय तसं." ते म्हणाले. "आन् कालच्यावानी असंल तर आमची पोरं डोळं झाकून करत्यात. बारा मान्सं हायत माज्याकडं. समद्यांनी समदं वाचायचं तर पत्रा कोन दाबनार?"

मग फूटपट्टी खिशात ठेवता ठेवता, "ताई, बदल करा, आमची ना न्हाई. पन सांगून करा."

फेब्रुवारीत गेलं की ते मला हरभऱ्याचे डहाळे देत. उरलेल्या दीड एकरात थोडा हरभरा टाकलेला असायचा. ओले डहाळे वर्तमानपत्रात गुंडाळून फाइलीबरोबरच पिशवीत घालत, त्यामुळे माझ्या मॅन्युअलच्या पानांना एका अंगानं मशीनच्या तेलाचा वास आणि दुसऱ्या अंगानं हरभऱ्याची आंब. परतीच्या वाटेवर, तळेगाव चौकातल्या त्या कधीच न हलणाऱ्या गर्दीत, मी गाडीत बसून घाटे सोलून खायची. बोटं आंबट व्हायची. कंटेनरवाले हॉर्न वाजवत राहायचे आणि माझं काही अडायचं नाही.

आता पाचव्या आवृत्तीचं सांगते. ते सांगायचं म्हणूनच इतकी वळणं घेतली.

त्या वर्षीही करंज असेच ओकेबोके झाले होते. प्रती छापायला जायच्या आदल्या दिवशी अमोलनं, म्हणजे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या आमच्या शहाण्यानं, साचा बदलायच्या पायऱ्यांमधली दोन बटणं पुढंमागं केली. पूर्वी आधी 'रीसेट' दाबायचं आणि मग 'सेव्ह'. आता आधी 'सेव्ह', मग 'रीसेट'. हे त्यानं मला सांगितलं नाही. त्याच्या लेखी ते "किरकोळ" होतं. मी पान एक्केचाळीस चौथ्या आवृत्तीतून जसंच्या तसं उचललं. पायरी सहा, आधी रीसेट. बदल नाही, म्हणून समासात रेघ नाही. रेघ नाही, म्हणून यादीत नाव नाही. गुरुवारी नव्या सॉफ्टवेअरबरोबर प्रती महाळुंग्याला गेल्या.

शनिवारी सकाळी अमोल डोकं खाजवत आला. "ताई, ते सेव्ह-रीसेटचं घेतलंयस ना तू?"

मी फाइल उघडली. घेतलेलं नव्हतं. त्या क्रमानं नव्या सॉफ्टवेअरवर बटणं दाबली, तर भरलेली नवी मापं पुसली जाऊन आधीच्या साच्याची मापं परत यायची.

आता अशा वेळी करायचं काय, ते ठरलेलं होतं. आवृत्तीचा आकडा वाढवायचा, समासात रेघ ओढायची, यादीत नोंद करायची, तीन सह्या घ्यायच्या आणि सगळ्या कारखान्यांना कळवायचं. पण शनिवार, अर्धा दिवस. सह्या करणाऱ्या तिघांतले दोघं नव्हते. आणि रावेतला माझ्या मावसबहिणीचा साखरपुडा होता, साडेबाराचा. मी साडी नेसूनच ऑफिसला आले होते. मी दोन शब्दांची जागा बदलली, फाइल जतन केली, आकडा तोच, तारीख तीच, रेघ नाही. सोमवारी रीतसर करू, असं स्वतःला सांगितलं आणि रिक्षा पकडली. साखरपुड्यात जिलब्या फार छान होत्या. मी तीन खाल्ल्या, हेही माझ्या चांगलं लक्षात आहे.

मला ठाऊक नव्हतं की शुक्रवारी दुसऱ्या शिफ्टला महाळुंग्यात तीन नंबरच्या प्रेसवर साचा फुटला होता.

माझ्या पानात होतं तसंच मामांनी केलं. आधी रीसेट, मग सेव्ह. प्रेस आधीच्या साच्याच्या मापानं खाली आली आणि नव्या साच्याला उभा तडा गेला. कुणाला लागलं नाही, देवाची कृपा; पण लाइन बंद पडली. शनिवारी दुपारी, म्हणजे मी जिलबी खात होते त्या सुमाराला, तिथल्या इंजिनिअरनं चौकशीसाठी आमच्या सर्व्हरवरच्या फाइलीतून पान एक्केचाळीस नव्यानं छापून घेतलं. पान बरोबर. आधी सेव्ह, मग रीसेट. मजल्यावर एकाच पानाच्या दोन प्रती ठेवायच्या नाहीत असा तिथला नियम. म्हणून मामांच्या फाइलीतलं तेलकट पान काढून फाडलं गेलं आणि कोरं पान त्या जागी बसलं. नियमाप्रमाणेच झालं सगळं.

सोमवारी आमचे साहेब खुशीत माझ्या टेबलापाशी आले. "मॅन्युअल बरोबर निघालं बरं का. वाचलो. त्या सेटरनंच उलटं केलं. त्याला मेमो देतायत."

मी काही बोलले नाही. बोलायचं होतं असं आज म्हणता येईल, पण खरं सांगायचं तर त्या क्षणी मला पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं. मामा आठवले ते नंतर, दोन-तीन मिनिटांनी. मामांना निवृत्त व्हायला चार महिने होते. एकतीस वर्षांत त्यांना एकही मेमो मिळाला नव्हता, हे ते प्रत्येक नव्या माणसाला ओळख झाल्या झाल्या सांगत. गावात जमिनीच्या पैशावर ज्यांनी गाड्या घेतल्या, त्यांना गाड्यांचा तोरा. मामांना नोकरीतल्या ह्या कोऱ्या फाइलीचा.

मंगळवारी दुपारी चारच्या सुमाराला मामाच आले. पहिली शिफ्ट संपवून, कंपनीच्या गणवेशातच, वायरच्या पिशवीत ती काळी फाइल घेऊन. मी चहा मागवला. त्यांनी फाइल माझ्या टेबलावर उघडली, हळूहळू पानं उलटत नेली. प्रत्येक पानाच्या तळाशी बारीक टिक. अडतीस, टिक. एकोणचाळीस, टिक. चाळीस, टिक. एक्केचाळीस. कोपरा कोरा.

"ताई, ह्ये पान कधी बदललं?"

आवाजात आरोप नव्हता. नव्या माणसाला पत्ता विचारावा तसं त्यांनी विचारलं. मी पानाकडं बघत राहिले. ते पांढरंशुभ्र पान बाकीच्या तेलकट पानांत नुसतं डोळ्यांत खुपत होतं.

"समदी म्हनत्यात, बबन, तुजं वय झालं, उलटं वाचलंस. असंल बी. डोळ्याचं काय सांगता येत न्हाई. पन टिक तर मी केली व्हती. मग माजी टिक कुठं गेली?"

"बघते मी, मामा," मी म्हटलं.

"बगा. घाई न्हाई." त्यांनी चहा संपवला, कप उचलून स्वतः बेसिनपाशी ठेवला, फाइल पिशवीत घातली. पिशवीच्या तळाशी डहाळ्यांची गुंडाळी होती, ती काढून माझ्या टेबलावर ठेवली. "शेवटचंच हायत औंदाचं. थोडं निबार झाल्यात." आणि गेले.

ते डहाळे मला खाववले नाहीत. संध्याकाळी आईकडे थांबले, तिच्या ओट्यावर ठेवले आणि तिला सगळं सांगून टाकलं. आईनं घाटे सोलायला घेतले होते. ती सोलतच राहिली.

"कोंबडं झाकून ठिवलं म्हणून दिवस उगवायचा राहतो का गं?" ती म्हणाली. "अन् इथं तर त्या माणसानं कोंबडं तुझ्या टेबलावर आणून ठिवलंय."

"माझी नोकरी जाईल, आई."

"जाईल तर जाईल. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला तुला ठिवलेलं न्हाई तिथं." मग वाटी माझ्यापुढं सरकवत, "खा. त्याच्या हातचे हायेत."

मी खाल्ले, आणि रडले. निबरच होते.

सकाळी साहेब यायच्या आधीच मी नोंद लिहून ठेवली. आवृत्ती पाच पूर्णांक एक. मग ती त्यांना नेऊन दाखवली. 'पान ४१, पायरी ६ : गुरुवारी पाठवलेल्या छापील प्रतीत बटणांचा क्रम चुकीचा होता. शनिवारी न कळवता दुरुस्त केला. काम करणाऱ्याची चूक नव्हती.'

साहेबांनी दोनदा वाचली. "अगं, फाइल आता बरोबर आहे ना? मग कशाला उकरतेस? मोठं गिऱ्हाईक आहे ते."

"मामांवर मेमो निघतोय, सर."

"मी बोलतो त्यांच्याशी. सांभाळून घ्या म्हणतो. पण हे लिहून? आणि हे शेवटचं वाक्य? बदलांच्या यादीत असलं वाक्य असतं का कुठं?"

"नसतं," मी म्हटलं. "बाकीचं तुम्ही खोडा हवं तर. ते राहू द्या."

आमचे साहेब वाईट माणूस नाहीत, घाबरट आहेत. घाबरट माणसाला थोडा वेळ द्यावा लागतो. त्यांनी चष्मा पुसला, खिडकीतून खालच्या करंजांकडे पाहिलं, पुन्हा चष्मा पुसला. मग महाळुंग्याला फोन लावला आणि माझ्यासमोर, अडखळत, अख्खी ओळ वाचून दाखवली. शेवटच्या वाक्यासकट. त्या एका फोनसाठी मी त्यांचे पुढचे पन्नास आचरटपणे सोसले आहेत.

मेमो टळला. म्हणजे मामांचा टळला. तो माझ्या नावानं निघाला, रीतसर, तीन सह्यांनिशी. त्या तिन्ही सह्या एका दिवसात मिळाल्या, ह्याचं मला आजही हसू येतं. मी ती बातमी द्यायला महाळुंग्याला गेले तेव्हा मामा तीन नंबरच्या प्रेसपाशी होते. मी सगळं सांगितलं, साखरपुडा आणि जिलब्यांसकट. माफ करा म्हटलं. ते बराच वेळ हात पुसत राहिले, तेलाचे हात, काळ्या फडक्यानं.

"तुमचा पयलाच का मेमो?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग जपून ठिवा. आमच्या नशिबात न्हाई आला." आणि मग हसले. माणसंही हसली. मी हसायचा प्रयत्न केला आणि मला ते जमलं नाही, तेव्हा मामा हळूच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या ताई. मला वाटलं, मलाच दिसंना झालं. ती भीती गेली, लई झालं."

जूनअखेर ते निवृत्त झाले. तिथली रीत अशी, की जाणाऱ्या माणसाच्या मशीनला हळद-कुंकू लावतात, नारळ फोडतात, आणि शेवटचा एक भाग त्याच्या हातानं दाबून घेतात. तो भाग गाडीला जात नाही, माणसाच्या घरी जातो. मामांनी पान एक्केचाळीस उघडून, पट्टी लावून, मोठ्यांदा वाचून साचा बसवला. "आधी सेव्ह," ते म्हणाले आणि माझ्याकडं पाहिलं. "मंग रीसेट." पानाच्या कोपऱ्यात टिक होती.

ह्याला आता काही वर्षं झाली. मधल्या काळात किती काय पालटलं. रावेतला साखरपुडा झाला त्या कार्यालयाच्या जागी चौदा मजले उभे आहेत आणि त्यातल्या नवव्यावर मी राहते. बाल्कनीतून पूर्वी नदीकाठची शेतं दिसत म्हणे. मला दिसतात ते शेजारच्या इमारतीचे कपडे. चाकणला कांद्याच्या मोसमात नाक उघडं ठेवून गेलं की बाजार कुठं आहे ते विचारावं लागत नसे. आता धूळ आणि डिझेल. मामांचा हरभरा, ती विहीर, बांधावरची बाभळ, ह्यांतल्या कशाच्याही बाजूला कुणी रेघ ओढली नाही. एक दिवस पान बदललेलं दिसलं, बस्स. जमिनीच्या कागदांवर नोंदी असतील, पण तिथं उभ्या असलेल्या माणसाला कुणी पट्टी लावून वाचून दाखवलं नाही. मला ह्या गावांचं वाईट वाटतं आणि मी स्वतः त्याच पांढऱ्या पानावर राहायला आले आहे, हेही कळतं. त्यावर माझ्याकडे काही उपाय नाही. मी आपली रेघा ओढते.

आणि आता सायलीचा प्रश्न. ती तीन नंबरची प्रेस भंगारात गेली. पान एक्केचाळीस सातव्या आवृत्तीतच गळालं. ती नोंद मी दर मार्चला पुढच्या आवृत्तीत नेत राहिले, कुणी विचारलं नाही. नियमानं पाहिलं तर सायली बरोबर आहे. पण ती ओळ हा माझ्या लेखी मामांचा दाखला होता. कारखान्यातली माणसं बदलली, इंजिनिअर बदलला, 'बबननं साचा फोडला' हे मात्र चहाच्या टपरीवर अजून कुणी तरी सांगत असणार. त्याला उत्तर म्हणून जगात ती एकच ओळ छापलेली आहे. ती मी काढायची?

रविवारी सकाळी महाळुंग्याला गेले. मामांचं घर आता दुमजली आहे. वर भाडेकरू, कारखान्यातलीच पोरं, कठड्यावर गणवेश वाळत घातलेले. मामा अंगणात खुर्ची टाकून बसले होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डोळ्यांवर काळा चष्मा. मामींनी चहा आणला आणि न विचारता डहाळे पुढ्यात ठेवले. उघड्या दारातून दिसणाऱ्या भिंतीवर, देवांच्या तसबिरींच्या खालच्या फळीवर, तो शेवटचा दाबलेला भाग होता, आणि त्याच्या शेजारी काचेत बसवलेलं एक पान. मी उठून जवळ गेले. 'काय बदललं', आवृत्ती पाच पूर्णांक एक.

हे पाहिल्यावर विचारायचं कसं? पण आले होते त्याचसाठी. सांगितलं सगळं. यादी लांबलीये, पान उरलेलं नाही, प्रेसही नाही, नवी मुलगी म्हणते काढू या.

मामा घाटा सोलत होते. "तीन नंबर भंगारात गेली व्हय?"

"हो."

"चांगली व्हती." त्यांनी आणखी एक घाटा सोलला. वरच्या मजल्यावर कुणीतरी बादली भरत होतं, त्याचाच आवाज. "मग कशाला ठिवताय? काढा. पान न्हाई, मशीन न्हाई, ओळ कशाला?"

मला धक्का बसला. खरं तर राग आला. मी इतकी वर्षं जपली, आणि ह्यांना काही नाही. तोंडाशी आलेलं मी गिळलं आणि पिशवी उचलली.

"पन ताई," मामांनी चष्मा वर केला, "गुपचूप न्हाई काढायची. काढली म्हनून लिवा. काय काढलं, त्ये समदं लिवा."

मी थांबले. मग खाली बसले आणि मोठ्यानं हसले, इतकी की मामी पदर खोचत बाहेर आल्या. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते हसण्याचंच असेल असं मी मानून चालले.

सोमवारी सायलीला मी स्वतः सांगून नोंद लिहायला लावली. तिनं विचारलं, इतकी लांब? मी म्हटलं, हो, इतकीच. आवृत्ती नऊ, 'काय बदललं', पहिलीच ओळ, समासात काळी उभी रेघ : 'आवृत्ती ५.१ मधली "पान ४१, पायरी ६ : गुरुवारी पाठवलेल्या छापील प्रतीत बटणांचा क्रम चुकीचा होता. शनिवारी न कळवता दुरुस्त केला. काम करणाऱ्याची चूक नव्हती." ही नोंद काढून टाकली आहे. संबंधित मशीन आता वापरात नाही.'

छापील पान घेऊन मी परत गेले. मामांनी मामींकडून फूटपट्टी मागवून घेतली. ती अजून घरात होती. काळा चष्मा काढून, पान उन्हात धरून, ओठ हलवत त्यांनी अख्खी ओळ वाचली. मग खिशातून पेन्सिल काढली आणि उजव्या कोपऱ्यात एक बारीक टिक केली.

"आता बराबर," ते म्हणाले. पान माझ्या हातात देताना क्षणभर सोडलं नाही. "आन् उद्या ह्ये बी काढायचं झालं, तर आदी इचारा."